देखरेख : करायची की ठेवायची?

भाषाप्रेमी : दुसऱ्याच्या हातून होत असलेल्या कामाकडे जबाबदारीने पाहत राहणे, या क्रियेला मराठीत एकशब्दी क्रियापद नाही. 'देखरेख' हे नाम आहे. वाक्यात उभे राहायला त्याला 'करणे' किंवा 'ठेवणे' लागते. ही उणीव समजू नये. 'बांधकामाची देखरेख करणे' आणि 'बांधकामावर देखरेख ठेवणे' या दोन्ही रचना शब्दकोशात एकाच नोंदीखाली बसतात, पण पहिल्या वाक्यात काम देखरेख करणाऱ्याच्या पदरात असते आणि दुसऱ्यात ते त्याच्या नजरेखाली असते. 'ची'ने नाते लागते, 'वर'ने उंची येते. 'लक्ष' या शब्दाचेही तेच. मुलाकडे लक्ष देतात आणि मुलावर लक्ष ठेवतात. आई दोन्ही करते, आणि कोणत्या वेळी काय चालले आहे हे मुलाला न सांगता कळते. 'निगा' आणि 'निगराणी' हे दोन्ही शब्द फारसीतल्या पाहण्यातूनच आलेले. तरी निगा बागेची राखतात, तान्ह्या बाळाची राखतात. निगराणीखाली ठेवतात तो कैदी किंवा संशयित. एकाच पाहण्यातून जपणे आणि जरब असे दोन्ही अर्थ मराठीने काढले आणि ते वेगळे राहावेत याची सोय प्रत्ययांत करून ठेवली.

शंकेखोर : ही विभागणी कागदावर नीटस दिसते. वापरात ती टिकत नाही. 'कालव्याच्या कामाची देखरेख' आणि 'कालव्याच्या कामावर देखरेख' हे दोन्ही प्रयोग एकाच बातमीत, एकाच अधिकाऱ्याबद्दल सापडतात आणि वाचकाला त्यात काही खटकत नाही. शिवाय ज्यांच्या कामावर देखरेख असते त्यांच्या तोंडी हा शब्द क्वचितच येतो. निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यात खरे क्रियापद 'बघणे' हे आहे. 'शेत कोण बघतंय?', 'दुकान थोरला बघतोय', 'म्हातारीला कोण बघतंय?' या तिन्ही वाक्यांत देखरेख आहे आणि तिन्हींत ती वेगळी आहे. प्रत्ययांचा नियम येथेच अडखळतो. 'म्हातारीला बघणे' यात 'ला' आहे, अर्थ सेवेचा. 'तुला बघून घेतो' यातही 'ला' आहे, अर्थ उघड धमकीचा. 'ते मी बघून घेतो' म्हटले की तेच क्रियापद दिलासा देते. शेजारच्या कन्नडचीही हीच तऱ्हा. 'नोडु' म्हणजे पाहणे, 'कोळ्ळु' म्हणजे घेणे, आणि 'नोडिकोळ्ळु' म्हणजे सांभाळणे. पण भांडणात कोणी 'नोडकोतीनि' म्हणाले तर ऐकणारा चार पावले मागे सरतो. अर्थ प्रत्ययात नाही. कोण कोणाला म्हणतो आहे, यात तो आहे.

भाषाप्रेमी : बोलणाऱ्याचे स्थान अर्थ बदलते हे मान्य. पण शब्दालाही स्वतःचा ओढा असतो, आणि तो सीमाभागात फार स्पष्ट दिसतो, कारण तेथे एकच शब्द दोन भाषांत दोन वाटांनी गेलेला आढळतो. फारसीत 'उस्तुवार' म्हणजे पक्के, भक्कम. मराठीत त्याची 'उस्तवार' झाली आणि ती घरात शिरली. आजाऱ्याची उस्तवार, बाळंतिणीची उस्तवार, गोठ्यातल्या जनावरांची उस्तवार. शब्द आता जुन्या पिढीपुरता उरला आहे, पण त्यात औषधपाणी, अंथरूण बदलणे, रात्री उठून बघणे हे सगळे येते. कन्नडमध्ये तोच 'उस्तुवारी' होऊन कचेरीत गेला. कर्नाटकात प्रत्येक जिल्ह्याला एक 'जिल्हा उस्तुवारी सचिव' असतो, म्हणजे त्या जिल्ह्याचा कारभार ज्याच्याकडे सोपवला आहे असा मंत्री. महाराष्ट्रात त्याच पदाला 'पालकमंत्री' म्हणतात. बेळगावच्या मराठी वृत्तपत्रांची गंमत अशी की ती कर्नाटकाच्या उस्तुवारी मंत्र्यालाही सर्रास 'पालकमंत्री' लिहितात. कन्नड पत्रकावर उस्तुवारी, मराठी बातमीत पालक. एक भाषा कारभाराची मूठ दाखवते, दुसरी आईबापाचे नाते. मराठी शब्द निवडणाऱ्यांना नाते हवेसे वाटले, हे काही उगाच झालेले नाही.

शंकेखोर : नाते हवेसे कोणाला वाटले, हा प्रश्न उरतो. पालक हे नाव मंत्रालयातून आले, जिल्ह्यातून आलेले नाही. उस्तुवारी म्हणा की पालक म्हणा, बैठक तीच, पूरग्रस्तांची यादी तीच आणि फाइलवरची सही तीच. कर्नाटकातच आणखी एक उदाहरण आहे. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी घेणारा, माप सांगणारा, काम वाटून देणारा जो मेट असतो, त्याला तेथे 'कायक बंधू' असे नाव दिले आहे. बसवेश्वरांनी कष्टाला जी प्रतिष्ठा दिली तो 'कायक' शब्द, आणि त्याला जोडलेला भाऊ. नाव सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण अलीकडे त्या भावाला मोबाइलच्या ॲपवर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो टाकावा लागतो. फोटो चढला नाही तर हजेरी बुडण्याची भीती मजुराला, आणि फोटो पाहणारा तालुक्याच्या ठिकाणी किंवा त्याच्याही पलीकडे. या साखळीत भाऊ आहे, पण पाहणारा भाऊ नाही.

भाषाप्रेमी : सरकारी नावांची कथा वेगळीच असते, आणि ती लवकर आटोपलेली बरी. महाराष्ट्राने 1962 च्या पदनाम कोशात पदांची मराठी नावे ठरवली. आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले. 'पर्यवेक्षक' हा त्याच घडणीचा शब्द. तो शाळेत आणि परीक्षेच्या वर्गात रुजला, कारखान्यात रुजला नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मराठी मोल्डर आणि कन्नड मोल्डर दोघेही 'सुपरवायझर'च म्हणतात. खरे तर संस्कृत शब्द अधिक उदार आहे. 'पर्यवेक्षण' म्हणजे सभोवार पाहणे. इंग्रजी शब्दाच्या पोटात वरून पाहणे आहे, आणि कन्नडच्या 'मेल्विचारणे'तही 'मेल्' म्हणजे वर आहेच. पण उदार शब्द वर्गखोलीत राहिला. त्यामुळे देखरेखीचा अर्थ शोधायचा तर सरकारी कोश सोडून निपाणीच्या तंबाखूच्या वखारीकडे गेले पाहिजे.

शंकेखोर : वखारीकडेच जाऊ. निपाणीचा तंबाखू हा विडीचा तंबाखू. 1943 पासून कच्च्या तंबाखूवर केंद्राचा अबकारी कर होता. कर पिकावर असल्यामुळे खात्याची नजर थेट शेतात. किती क्षेत्रात लावण केली, किती माल निघाला, घरात किती आहे, कोणाला विकला, याची नोंद द्यायची. कर भरेपर्यंत माल परवान्याच्या वखारीत कुलपाखाली. 1979 च्या अर्थसंकल्पाने कच्च्या तंबाखूवरचा कर उठवला आणि भार तयार मालाकडे सरकला, तोवर एका पिढीने देखरेख म्हणजे इन्स्पेक्टर हेच समीकरण पाहिले होते. वखारीच्या आत मुकादम. पाने झोडायची, काड्या वेगळ्या काढायच्या, माल चाळायचा. हे काम बायकांचे. धुरळ्याने खोकला लागलेला, पदर नाकातोंडावर बांधलेला. मुकादमाने त्यांच्या रांगांमधून फिरणे म्हणजे देखरेख. त्या बायकांची संघटना 1980 च्या आसपास सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने उभी राहिली. 'युगांतर' या चित्रपट-गटाने 1982 मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. त्या बायकांपुढे 'ची' आणि 'वर' यांतला फरक मांडून पाहावा. त्यांना दोन्हींत मुकादमच दिसेल.

भाषाप्रेमी : अबकारी खात्याच्या त्या कारभाराला 'पाळत' हा नेमका शब्द आहे, देखरेख नव्हे. ज्याच्यावर पाळत असते त्याचे काम चांगले व्हावे अशी पाळत ठेवणाऱ्याची इच्छा नसते. त्याने काही लपवू नये एवढेच त्याला हवे असते. पीक करपले तर अबकारी इन्स्पेक्टरचे काही बिघडत नव्हते. आणि वखारीचे उदाहरण दिले तर त्याच गावचे दुसरेही द्यायला हवे. कर उठला, इन्स्पेक्टर गेला, म्हणून निपाणीचा शेतकरी सुखी झाला काय? व्यापारी पान हातात घेई, चुरगाळून वास घेई, आणि त्या हाताने ठरवलेल्या प्रतीवर भाव पडे. त्या हातावर कोणाचीच देखरेख नव्हती. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले ते रास्त भावासाठी, आणि 6 एप्रिल 1981 रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात 12 शेतकरी मारले गेले. देखरेखीचा जाच जसा खरा, तसा ती नसण्याचा जाचही खरा.

शंकेखोर : हा मुद्दा आडवा आहे, पण वजनदार आहे. तरी सावध राहायला हवे. शेतकऱ्यांची मागणी भावाची होती. व्यापाऱ्याच्या हातावर आणखी एक हात ठेवा, अशी त्यांची मागणी होती असे म्हणता येत नाही. शेतकरी संघटनेचा एकूण रोख तर सरकारी हात काढून घ्या असाच होता.

भाषाप्रेमी : मग असे उदाहरण घेऊ की ज्यात देखरेख हाच वादाचा विषय होता. विडी कामगार 'कामगार' आहे की नाही, हा प्रश्न साठच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. कारखाना कायद्याचे संरक्षण मिळायचे तर मालकाचे त्याच्या कामावर नियंत्रण आणि देखरेख आहे, हे दाखवावे लागे. विडी वळणाऱ्याचा प्रकार अवघड. मजुरी हजारामागे, यायची-जायची वेळ सैल, पान कसे कापावे, जर्दा किती भरावा, दोरा कसा गुंडाळावा हे कोणी शेजारी बसून सांगत नाही. नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात न्यायालयाने म्हटले की संध्याकाळी मालकाने नापसंत विड्या बाजूला काढणे, ही देखरेखच आहे. त्यानंतर थोड्याच काळाने शंकर बालाजी वाजे यांच्या खटल्यात, तोही महाराष्ट्रातल्याच विडी कारखान्याचा, बहुमताने उलट निकाल आला: वळणारा आपल्या मर्जीने येतो-जातो, त्याच्या कामावर देखरेख नाही, म्हणून तो कायद्याच्या अर्थाने कामगार नाही. आता या खटल्यांत कोण काय म्हणत होते ते पाहावे. 'माझ्यावर देखरेख आहे' हे सिद्ध होणे कामगाराच्या हिताचे होते. 'आम्ही देखरेख करतच नाही' असे मालकपक्ष सांगत होता. देखरेख हा शब्द निव्वळ जाचाचा असता तर हे चित्र उलटे दिसले असते.

शंकेखोर : हे चित्र नाकारता येणार नाही, मघाच्या मांडणीतला एक भाग त्यामुळे ढिला पडतो. वखारीतल्या बाईला मुकादम नको होता एवढे म्हणून भागत नाही. मुकादमाच्या मागे उभा असलेला मालक तिला कायद्यापुढे हवा होता. पण याच खटल्यांतून भाषेचा प्रश्न अधिक बिकट होतो. संध्याकाळी विड्या छाटणे याला मराठी माणूस देखरेख म्हणेल काय? विडीच्या गावात त्याला 'छाट' म्हणतात. बाईने वळलेल्या विड्या ठेकेदाराकडे जातात. तो मूठभर विड्या बोटांत फिरवतो, दाबून बघतो, तोंडे बघतो. एखादी पोकळ, एखादीचे पान फाटके, एखादीचा दोरा सैल. त्या बाजूला पडतात; त्यांची मजुरी नाही, आणि पुष्कळ ठिकाणी त्या विड्या बाईला परतही मिळत नसत. या सगळ्यात बाईचे काम होत असताना तिच्याकडे कोणीही पाहिलेले नाही. पाहिले ते कामाचे फळ.

भाषाप्रेमी : तर मग ती तपासणी झाली. मराठीत हा फरक पक्का आहे. काम चालू असताना पाहणे ही देखरेख, काम संपल्यावर पाहणे ही तपासणी. शिक्षक वर्गात फिरतो ती देखरेख, घरी उत्तरपत्रिका बघतो ती तपासणी. पहिल्या निकालाने तपासणीला देखरेख मानले. न्यायाच्या दृष्टीने ते योग्य झाले असेल, भाषेच्या दृष्टीने ताणलेले आहे.

शंकेखोर : इतके सोपे नाही. घरी विड्या वळणारी, घरखात्यातली बाई घ्या. निपाणीतही विड्या घरी वळल्या जातात. पाने भिजवून, फर्म्याने कापून, सूप मांडीवर घेऊन ती दारात बसते. शेजारणीशी गप्पा चालू, पोराला हाक चालू, हात मात्र चालत राहतो. कोणी पाहत नाही. तरी तिचे बोट जर्द्याची चिमूट कमी-जास्त करताना थबकते, कारण उद्या छाट होणार आहे. नेऊन द्यायच्या आधी ती स्वतःच जुड्या उलगडून वाईट विड्या काढून टाकते. काम चालू असताना पाहणे म्हणजे देखरेख, ही व्याख्या धरली तर येथे देखरेख अजिबात नाही. परिणाम धरला तर ती तिन्ही त्रिकाळ आहे.

भाषाप्रेमी : त्या अदृश्य पाहण्याला मराठीत 'धाक' म्हणतात, 'वचक' म्हणतात. शब्द आहेत, देखरेखीच्या गळ्यात ते घालण्याचे कारण नाही. कायद्यानेही शेवटी हेच ओळखले. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी नेऊन विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगारांत धरले. कच्चा माल मालकाचा, विडी मालकाची, एवढे पुरे. कोणी पाहत होते की नव्हते हे विचारायचे नाही. देखरेखीचा निकष बाजूला ठेवला तेव्हा प्रश्न सुटला. याचा अर्थ असा की देखरेख म्हणजे प्रत्यक्ष पाहणेच, आणि ते येथे नव्हते.

शंकेखोर : किंवा असा की 'देखरेख' या शब्दात पाहणे कधीच मुख्य नव्हते. मुख्य आहे तो अधिकार. ऊसतोडीच्या हंगामात हे ताडून पाहता येते. निपाणी-चिकोडीच्या कारखान्यांकडे उसाच्या गाड्या वजनकाट्यावर रांगेने उभ्या राहतात. शेतकरी काट्याच्या आकड्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो. या पाहण्याला 'शेतकरी काट्यावर लक्ष ठेवतो' म्हणतात. 'शेतकरी काट्यावर देखरेख ठेवतो' असे कोणी म्हणणार नाही. फडात तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा चिटबॉय असतो, तो तोडीवर देखरेख ठेवतो. तोडणारे त्याच्यावर फार तर नजर ठेवतात. लक्ष कोणीही कोणावर ठेवू शकतो, खालचा वरच्यावरही. देखरेख वरून खालीच वाहते. न्यायालयाच्या देखरेखीखाली चौकशी होते, चौकशीच्या देखरेखीखाली न्यायालय चालत नाही. 'वर' हे अव्यय 'ठेवणे'बरोबरच येते असे सुरुवातीला म्हटले गेले, पण 'देखरेख करणे' यातही ते न लिहिता बसलेले आहे.

भाषाप्रेमी : अधिकार शब्दात आहे, हे मान्य करावे लागेल. पण अधिकार एकटा नाही. ऊसतोडीतलाच मुकादम पाहा. टोळीसाठी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तो घेतो, आणि टोळीतली जोडी हंगाम टाकून निघून गेली तर त्या पैशाला तोच बांधला जातो. दुरुस्त व्याख्या अशी करता येईल: दुसऱ्याचे काम ठरल्याप्रमाणे व्हावे म्हणून अधिकाराने त्याकडे पाहणे, आणि ते बिघडल्यास त्याचे उत्तर देणे. दोन्ही भाग मिळून देखरेख. पहिलाच असला तर पाळत, दुसराच असला तर जामीनकी.

शंकेखोर : दुसरा भाग व्याख्येत हवा असेल, पण भाषेत तो आहे काय? 'मुकादमाने दिवसभर देखरेख केली, माल खराब निघाला आणि बायकांची मजुरी कापली गेली.' हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. उत्तर देण्याची बांधिलकी शब्दाच्या अर्थातच असती, तर 'मजुरी कापली गेली' येथे वाचणारा अडला असता. तो अडत नाही. 

भाषाप्रेमी : वाचणारा अडत नाही, पण विचारणारा अडतो. 'तुमच्या देखरेखीखाली हे झालेच कसे?' हा प्रश्न मराठीत रोज विचारला जातो. पूल खचला, वसतिगृहातल्या मुलांना विषबाधा झाली, गोदामातले धान्य कुजले, की हेच वाक्य येते. बांधिलकी अर्थात नसती तर या प्रश्नाला टोक आले नसते. 'तुमच्या पाळतीखाली हे झालेच कसे?' म्हटले तर रोख निसटलेल्या चोराकडे जातो. देखरेखीचा प्रश्न देखरेख करणाऱ्याच्याच गळ्याशी येतो.

शंकेखोर : टोक आहे, पण ते वापरणारा बहुधा आणखी वरचा असतो. मंत्री अभियंत्याला विचारतो, मालक मुकादमाला. रांगेतल्या बाईने मुकादमाला हा प्रश्न विचारल्याचे ऐकिवात येत नाही.

भाषाप्रेमी : ऐकिवात नसणे ही समाजाची गोष्ट झाली, व्याकरणाची नाही. ते वाक्य बाईच्या तोंडी घातले तरी मराठी राहते, आणि त्याचा अर्थही तोच राहतो. 2025 मध्ये रद्द झालेल्या 1966 च्या कायद्यात छाटीच्या तंट्याची वेगळी तरतूद होती: मालकाने विड्या नाकारल्या आणि कामगाराला ते पटले नाही, तर निवाडा नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मागता येई. तो अर्ज म्हणजे हाच प्रश्न होता, फक्त लेखी.

शंकेखोर : अर्ज होता खरा, आणि तो तिचा होता हेही खरे. पण त्या तरतुदीतले कर्ते मोजून पाहावेत. विड्या नाकारतो मालक, निवाडा करतो अधिकारी, आणि मालकाच्या छाटीवर देखरेख कोणाची म्हणाल तर त्या अधिकाऱ्याची. बाईच्या वाट्याला 'तक्रार करणे' हे क्रियापद येते. तिच्या तक्रारीमुळे छाट पुन्हा उघडून पाहिली जाते, तेव्हा ती पाहायला लावते, हे कबूल. पाहायला लावणे ही देखरेख धरायची की नाही, हे 'करणे' आणि 'ठेवणे' यांच्या आधाराने तरी ठरवता येत नाही.